ज्या आजाराच्या जंतूला त्याचं नाव मिळालं, त्याच आजारानं त्याचा जीव घेतला : गोचिडीच्या मागावर गेलेल्या डॉक्टरची गोष्ट

गावाकडे गोठा असेल तर गोचीड म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. गाईच्या कानामागे, कासेजवळ, शेपटीच्या मुळाशी चिकटून बसलेली आणि रक्त पिऊन एरंडाच्या बीएवढी फुगलेली. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये गोचिडीला रिसिनस म्हणायचे, आणि एरंडाचं बी तसंच दिसतं म्हणून त्या झाडाचं शास्त्रीय नावही रिसिनसच पडलं.

आपल्याकडे गोचीड म्हटलं की फार तर जनावर खंगणार, दूध कमी होणार एवढंच डोक्यात येतं. पण हा किडा माणूससुद्धा मारू शकतो हे पक्कं करायला एक डॉक्टर शिकागो सोडून डोंगरात तंबू ठोकून राहिला होता. त्याचं नाव हॉवर्ड टेलर रिकेट्स. डॉक्टरी शिकणाऱ्या पोरांना रिकेट्सिया हा शब्द पाठ असतो, पण त्यामागे एक जिवंत माणूस होता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तर गोष्ट सुरू होते अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या बिटररूट नावाच्या दरीत.

एकोणिसावं शतक संपत आलं होतं. लाकूडतोडे, शेतकरी, नव्यानं जमीन घेतलेली कुटुंबं या दरीत येऊन राहायला लागली होती. मधून नदी वाहते, दोन्ही बाजूंना डोंगर, एकदम पोस्टकार्डावरचं चित्र. पण दर वसंतात, बर्फ वितळायला लागला की माणसं आजारी पडायची. आधी सणकून ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं. मग मनगटं आणि घोट्यांवर लाल ठिपके उठायचे, ते अंगभर पसरायचे आणि काळे पडत जायचे. लोक त्याला काळा गोवर म्हणायचे. दहा जणांना झाला तर सात-आठ जण जायचे.

त्यातही एक कोडं होतं. जवळपास सगळे रुग्ण नदीच्या पश्चिम काठावरचे. पूर्वेकडे तीच हवा, तीच शेती, तीच माणसं, पण आजार नाही. शेजारच्या आयडाहो राज्यातही असाच ताप यायचा, पण तिथे शंभरात जेमतेम पाच जण दगावायचे.

लोकांनी आपापले अंदाज बांधले होते. वितळलेल्या बर्फाचं पाणी प्यायल्यानं होतं, हा त्यातला सगळ्यात लाडका. पश्चिमेच्या डोंगरातून ओढे खाली येतात, पश्चिमेला आजार आहे, म्हणजे पाण्यातच काहीतरी असणार. तर्क वाईट नव्हता, फक्त चुकीचा होता.

आता रिकेट्सकडे येऊ. जन्म ९ फेब्रुवारी १८७१, ओहायो राज्यातलं फिंडले गाव. नेब्रास्का विद्यापीठातून प्राणिशास्त्र घेऊन १८९४ मध्ये पदवी घेतली. मध्येच १८९३ ची मोठी आर्थिक मंदी आली आणि घरचे पैसे बुडाले, त्यामुळे पुढचं वैद्यकीय शिक्षण काम करत करत पूर्ण केलं. १८९७ मध्ये डॉक्टर झाला. शिकागोच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये उमेदवारी केली आणि मग त्वचेला होणाऱ्या एका बुरशीच्या आजारावर संशोधन केलं. आजार समजून घ्यायला त्यानं काही वेळा स्वतःच्याच अंगात जंतू टोचून घेतले होते असंही सांगितलं जातं. १९०० मध्ये मायराशी लग्न झालं, मग बर्लिन आणि पॅरिसला जाऊन शिकून आला आणि १९०२ पासून शिकागो विद्यापीठात रोगनिदानशास्त्र शिकवायला लागला. म्हणजे नोकरी चांगली, घरसंसार चांगला. डोंगरात जाऊन मरायची काही गरज नव्हती.

पण इथे थोडं थांबून आधी गाईंचं बोलायला लागेल, कारण गोचिडीला सगळ्यात पहिल्यांदा पकडलं ते गाईंमुळे.

टेक्सासकडची जनावरं उत्तरेला विकायला नेली की एक भलताच प्रकार व्हायचा. टेक्सासची जनावरं ठणठणीत, पण ती ज्या कुरणातून गेली तिथली उत्तरेची जनावरं पटापट मरायची. ताप यायचा, लघवी लाल व्हायची आणि खेळ खलास. दक्षिणेचे गुराखी गोचिडीवर संशय घ्यायचे, पण शिकलेल्या लोकांना ते अडाणी वाटायचं. थिओबाल्ड स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञानं मात्र ते मनावर घेतलं. सरकारी पशुसंवर्धन खात्यात काम करताना त्यानं आणि पशुवैद्य किलबोर्ननं वॉशिंग्टनजवळ कुंपणं घालून वेगवेगळी कुरणं केली. एका कुरणात दक्षिणेच्या गाई ठेवल्या, पण त्यांच्या अंगावरची प्रत्येक गोचीड हातानं वेचून काढली. दुसऱ्या कुरणात दक्षिणेची एकही गाय नाही, नुसत्या गोचिडी सोडल्या. वेचलेल्या कुरणातल्या उत्तरेच्या गाई ठीक राहिल्या, नुसत्या गोचिडीवाल्या कुरणातल्या आजारी पडल्या.

इतका साधा आणि इतका देखणा प्रयोग मी तरी दुसरा वाचलेला नाही. १८९३ मध्ये तो छापून आला. रोनाल्ड रॉसनं सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला तो १८९७ मध्ये, म्हणजे त्याच्याही चार वर्षं आधी. तरी शाळेच्या पुस्तकात डास आला आणि गोचीड राहिली.

तर गोचिडीनं जनावराला आजार होतो हे माहीत होतं. माणसाला होतो का, हा प्रश्न उरला होता.

बिटररूटमध्ये १९०२ साली विल्सन आणि चाउनिंग या दोघांनी तसं म्हटलंही होतं. गोचीड चावते, आणि आजार जमिनीत बिळं करून राहणाऱ्या खारींमध्ये असतो, असा त्यांचा अंदाज. पण त्याबरोबर त्यांनी रक्तात एक परजीवी दिसल्याचा दावा केला आणि तिथे गाडी घसरली. परजीवींचा मोठा जाणकार चार्ल्स स्टाइल्स आला, त्यानं तपासलं, त्याला तो परजीवी काही दिसला नाही. मग परजीवीबरोबर गोचिडीची कल्पनाही मोडीत निघाली. दरीतल्या बऱ्याच लोकांना तर बरंच वाटलं. जमिनी विकणाऱ्यांना गोचिडीची बातमी नकोच होती.

१९०६ च्या वसंतात रिकेट्स मोंटानातल्या मिसूला गावात पोहोचला. लॅब वगैरे काही नव्हती. हॉस्पिटलच्या आवारात तंबू ठोकला, पिंजऱ्यांमध्ये गिनीपिग आणि माकडं ठेवली, आणि कामाला लागला. रुग्णाचं रक्त घेऊन गिनीपिगला टोचलं. गिनीपिगला ताप आला, अंग सुजलं. म्हणजे आता प्रत्येक प्रयोगाला माणूस आजारी पडायची वाट बघायला नको. आधीच्या लोकांकडे नेमकं हेच नव्हतं.

मग त्यानं एक गोचीड घेतली. आजारी गिनीपिगच्या अंगावर बसवली, रक्त पिऊ दिलं, आणि नंतर तीच गोचीड एका निरोगी गिनीपिगवर ठेवली. काही दिवसांत तो निरोगी गिनीपिगही त्याच आजारानं पडला.

झालं, गोचीड सापडली. इथे एक सांगायला पाहिजे, त्याच सुमारास सरकारी आरोग्य सेवेतल्या किंग नावाच्या डॉक्टरनंही वेगळं काम करून हेच दाखवलं होतं. बॉइझी गावातल्या एका डॉक्टरनं तर १९०५ मध्येच रुग्णाच्या अंगावरची गोचीड काढून तयार असलेल्या दोन माणसांना चाववली होती आणि दोघांनाही आजार झाला होता, पण ते छापून यायला १९०८ उजाडलं. सगळं श्रेय एकट्या रिकेट्सला देणं बरोबर नाही. त्याचं वेगळेपण असं की तो गोचीड सापडल्यावर घरी गेला नाही.

कारण खरे प्रश्न पुढे होते. प्रयोगशाळेत गोचीड आजार देते, ठीक आहे. पण रानातली गोचीड मुळातच जंतू घेऊन फिरते का? १९०७ मध्ये त्यानं दरीतून गोचिडी गोळा केल्या आणि गिनीपिगांवर सोडल्या. बहुतेक गोचिडी साफ निघाल्या, पण काही थोड्यांमध्ये आजार होता. गोचिडी एवढ्या सगळ्यांना चावतात, मग आजारी मोजकेच का पडतात, हे त्यातून कळलं.

आणि माणसं तर गोचिडीला आजार परत देत नाहीत, मग तो दर वर्षी टिकतो कसा? याचं उत्तर गोचिडीच्या आयुष्यात आहे.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकावर चढते, मागच्या पायांनी धरून पुढचे पाय पसरते आणि वाट बघत बसते. जनावराच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब तिला कळते. कुणी घासून गेलं की ती चिकटली. अंड्यातून निघालेली बारकी अळी, मग मधली अवस्था, मग पूर्ण वाढ झालेली गोचीड, असे तीन टप्पे, आणि या जातीला प्रत्येक टप्प्यावर एकदा रक्त लागतं. लहानपणी ती खारी-उंदरांना चावते, मोठी झाली की घोडे, गाई, हरणं आणि वाटेत आलेला माणूस. मध्ये अनेक महिने उपाशी राहू शकते. म्हणजे खारीकडून उचललेला जंतू ती पुढच्या टप्प्यावर दुसऱ्याच प्राण्यात सोडते. रिकेट्सनं आणखी पुढे जाऊन दाखवलं की आजारी मादीच्या अंड्यांतूनही जंतू जातो. म्हणजे ज्या पोरीनं अजून कुणाचं रक्तच चाखलेलं नाही, ती जन्मतःच आजार घेऊन आलेली असू शकते.

नदीच्या दोन काठांचं कोडं मात्र त्याला सुटलं नाही. ते सुटायला विसावं शतक संपत यावं लागलं. पूर्व काठावरच्या गोचिडींमध्ये याच जंतूचा एक निरुपद्रवी भाऊबंद राहतो, मादीच्या अंडाशयात आधीच बस्तान मांडून. तो असला की खुनी जंतूला अंड्यात शिरता येत नाही आणि त्याची पिढी पुढे जात नाही. घर आधीच भाड्यानं गेलेलं, असा प्रकार.

१९०९ मध्ये रिकेट्सनं जाहीर केलं की रुग्णांच्या रक्तात आणि गोचिडीच्या अंड्यांत त्याला अगदी बारीक, दोन टोकं रंगलेले जंतू दिसलेत. नाव दिलं नाही, हेच कारण आहे असं छातीठोकपणे म्हटलंही नाही. जंतू बशीत वाढवून दाखवला तरच तो खरा, असा तेव्हाचा नियम, आणि हे काही केल्या वाढत नव्हते. वाढणार तरी कसे, ते फक्त जिवंत पेशीच्या आतच जगतात. त्याच्या सावधपणाचं मला कौतुक वाटतं. आधी विल्सन-चाउनिंगचं काय झालं हे त्यानं बघितलं होतं.

पुढचं काम ठरलेलं होतं. जनावरांना औषधाच्या पाण्यात बुडवून गोचिडी मारायच्या, खारी कमी करायच्या. पण मोंटानातून मिळायचा पैसा अडकला. वसंत ऋतू तर कुणासाठी थांबत नाही, आणि रिकामं बसणं या माणसाला जमत नव्हतं.

त्याच वेळी मेक्सिको सिटीत तापाची साथ पसरली होती. तिकडे त्याला ताबार्दियो म्हणायचे. ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ, म्हणजे आपल्या ओळखीचंच चित्र. हा प्रलापक ताप, टायफस. हे दोन आजार एकच आहेत का, हे बघायला रिकेट्स १९०९ च्या शेवटी मेक्सिको सिटीला गेला. सोबत रसेल वाइल्डर नावाचा त्याचा विद्यार्थी, स्वतःहून आलेला.

तिथे गोचीड नव्हती, गुन्हेगार होती ऊ. गरीब वस्त्यांमधल्या माणसांच्या कपड्यांत राहणारी. फ्रेंच शास्त्रज्ञ निकोलनं ट्युनिसमध्ये नुकतंच हे दाखवलं होतं. रिकेट्स आणि वाइल्डरनं माकडांवर प्रयोग करून स्वतंत्रपणे ते पक्कं केलं. एका आजारातून उठलेल्या प्राण्याला दुसऱ्या आजारापासून संरक्षण मिळत नाही, म्हणजे आजार दोन वेगळे, हेही दाखवलं. आणि रुग्णांच्या रक्तात, उवांच्या पोटात त्याला पुन्हा तसेच बारीक जंतू दिसले. वेगळे आजार, पण जंतू एकाच खानदानातले.

रोज उवा, रोज रुग्ण, रोज रक्त. एप्रिल १९१० मध्ये त्याला स्वतःलाच ताप आला. ३ मे १९१० रोजी मेक्सिको सिटीतच टायफसनं तो गेला. वय ३९. पेनसिल्वेनिया विद्यापीठातली प्राध्यापकाची नवी नोकरी त्यानं नुकतीच स्वीकारली होती. मेक्सिकोच्या सरकारनं तीन दिवसांचा दुखवटा पाळला आणि तो जिथे काम करत होता त्या लॅबला त्याचं नाव दिलं.

१९१६ मध्ये ब्राझीलच्या दा रोचा लिमानं उवांमधला टायफसचा जंतू पक्का ओळखला आणि त्याचं नाव ठेवलं रिकेट्सिया प्रोवाझेकी. पहिला शब्द रिकेट्ससाठी. दुसरा प्रोवाझेक या शास्त्रज्ञासाठी, तोही १९१५ मध्ये टायफसवर काम करताना टायफसनंच मेला होता. एका जंतूच्या नावात त्यानंच मारलेली दोन माणसं. बिटररूटच्या गोचिडीतल्या जंतूलाही पुढे रिकेट्सिया रिकेट्सी असं डबल नाव मिळालं.

मोंटानात काम थांबलं नाही, मरणंही थांबली नाहीत. १९१२ मध्ये दरीत गोचिडी मारायच्या मोहिमेवर असलेला डॉक्टर मॅकक्लिंटिक त्याच तापानं गेला. १९२४ मध्ये स्पेन्सर आणि पार्कर या जोडीनं लस बनवली, तीही कशाची, तर आजारी गोचिडी वाटून. स्पेन्सरनं ती आधी स्वतःला टोचून घेतली. हॅमिल्टन गावात मोठी लॅब बांधायचं ठरलं तेव्हा गावकऱ्यांनी कोर्टात धाव घेतली, गोचिडी पळून आल्या तर काय करायचं म्हणून. शेवटी १९२८ मध्ये लॅब झाली, पण भोवती पाण्याचा चर खणून. एखाद्या किल्ल्याला असतो तसा खंदक, गोचिडींसाठी. याच लॅबमधल्या विली बर्गडॉर्फरनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लाइम आजाराचा जंतूही गोचिडीतच शोधला.

आता हे सगळं अमेरिकेचं झालं, आपला काय संबंध? तर आहे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडायला लागली, मग माणसं आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आताच्या एनआयव्हीनं, त्यामागचा विषाणू शोधला. तो पसरवते गोचीडच. आपण त्याला माकडताप म्हणतो. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ मध्ये आणि सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ मध्ये तो पोहोचला. काजूच्या बागेत, रानात पाला-लाकूड आणायला जाणाऱ्यांना त्याचा धोका जास्त. विदर्भात २०१८ मध्ये ज्याची साथ आली तो स्क्रब टायफस रिकेट्सच्याच खानदानातला, तो पसरवणारा किडा मात्र गोचिडीचा छोटा भाऊ. गोठ्यातल्या संकरित गाईंना होणारा गोचीडताप तर पशुपालकांना माहीतच आहे.

गोचीड चावली तर आपल्याकडे काडी पेटवून चटका देतात, रॉकेल लावतात. तसं करू नये. बारीक चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची, बोटांनी चिरडायची नाही, जागा साबणानं धुवायची. बरेचसे जंतू अंगात शिरायला गोचीड काही तास चिकटलेली असावी लागते, त्यामुळे रानातून आल्यावर लगेच अंग तपासलं तर निम्मं काम होतं. नंतर ताप आला तर डॉक्टरला रानात गेल्याचं आधी सांगायचं. माकडतापाच्या विषाणूवर नेमकं औषध नाही, तिथे आधाराचे उपचार चालतात. पण रिकेट्सियाच्या तापांवर डॉक्सिसायक्लिन नावाचं साधं, स्वस्त औषध चालतं, फक्त वेळेत सुरू व्हायला हवं. रिकेट्सच्या काळात यातलं काहीच नव्हतं.

त्याच्यासोबत मेक्सिकोला गेलेला वाइल्डर वाचला. पुढे मेयो क्लिनिकमध्ये त्यानं फिट येणाऱ्या रुग्णांसाठी एक खाणं सुचवलं आणि १९२१ मध्ये त्याला कीटोजेनिक डाएट असं नाव दिलं. हो, तेच ते, इन्स्टावरचं कीटो. नंतर तो मधुमेहातला मोठा डॉक्टर झाला. रिकेट्सला इलिनॉयमधल्या कर्कवुड गावात पुरलं. त्याचा मुलगा हेन्री वडील गेले तेव्हा लहान होता. तोही डॉक्टर झाला, वडिलांच्याच शिकागो विद्यापीठात शिकवायला लागला, आणि त्याचाही विषय मधुमेहच होता.